बालशिक्षणाचा मोबाइलवरचा कोर्स: नऊ महिने वापरून झाल्यावर

हा कोर्स मी प्रमाणपत्रासाठी घेतला. खोटं कशाला बोलू! मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीत आमच्या महिला मंडळाची बालवाडी आहे, तीन ते सहा वर्षांची बावीस मुलं, मी आणि एक मदतनीस. अकरा वर्षं शिकवतेय. मंडळ म्हणालं, कोर्स कर, अर्धी फी आम्ही भरतो. गेल्या जूनमध्ये सुरू केला, फेब्रुवारीअखेर संपला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

स्वरूप असं: आठवड्याला दोन व्हिडिओ, पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बैठक, दर महिन्याला एक काम करून त्याचे फोटो टाकायचे. शिवाय दोन दिवस प्रत्यक्ष शिबिर. विषय बालशिक्षण आणि कुटुंबासोबत भागीदारी.

पहिले तीन महिने यथातथाच गेले. २०२०चं शैक्षणिक धोरण, २०२२चा पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा का धरायचा, पंचकोश (शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद असे माणसाच्या विकासाचे पाच स्तर) म्हणजे काय. माहिती बरोबर होती, नीट सांगितली होती, पण सेवेतल्या बाईला यात नवं थोडंच. व्हिडिओतला वर्ग मात्र कुठल्या तरी मोठ्या शहरातला. चकचकीत फरशी, प्रत्येक मुलाला वेगळी खुर्ची. आमच्या मदतनीस बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बाईनू, ह्यांच्या पोरांका शेंबूड येणा नाय काय ओ?"

पैसे वसूल झाले ते चौथ्या भागात. तो घरभेटींवर होता. अमेरिकेत ॲरिझोनामधल्या टूसॉन शहरात लुईस मॉल या शिक्षण-संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी पाठवलं होतं. १९९२चा त्यांचा लेख या विषयात फार गाजलेला आहे. शिक्षकांनी तिथे सांगायला जायचं नाही, शिकायला जायचं. या घराला काय काय येतं ते बघायचं: शेती, दुरुस्ती, औषधपाणी, हिशेब. मग ते वर्गात वापरायचं. आम्हाला काम दिलं होतं तीन घरांना भेटी देण्याचं, आणि अट एकच, कुणालाही एकही सूचना करायची नाही.

वाचायला सोपं आहे. मी अकरा वर्षं घरोघरी गेले ती सूचना करायलाच. मोबाइल देऊ नका, चहाबिस्किटावर ठेवू नका, दाखला आणा. तोंडाला सवयच तशी लागलेली.

पहिलं घर निवडलं एका साडेचार वर्षांच्या मुलाचं. हा वर्गात खडू धरत नसे. मण्यांची माळ समोर ठेवली की उठून दाराशी जाऊन उभा राही. त्याच्या नोंदीत मीच लिहिलं होतं, 'बोटांची हालचाल वयाच्या मानाने मागे'. घरी गेले तेव्हा आजी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सूप घेऊन गोलमो निवडत बसली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, गोलमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. त्यात शिंपल्यांचे तुकडे, काड्या, बारक्या खेकड्यांचे पाय येतात. नातू शेजारी बसून तेच वेचत होता. अंगठा आणि दोन बोटं, चिमटीत नेमका कचरा, गोलम्याला धक्का नाही. मी बसले होते तेवढा सगळा वेळ तो उठला नाही. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर आजी म्हणाली, "ता काय शिकवूचा लागता गे? बसता माझ्या बाजूक, बघता, करता."

माझ्या ओठांवर वाक्य आलं होतं की मग घरी जरा मण्यांची माळही करून घ्या. गिळलं. घरी येऊन आधी ती नोंद खोडली.

पुढच्या आठवड्यात सूप आणि मूठभर गोलमो वर्गात नेले. तो मुलगा बाकीच्यांना दाखवत बसला. सगळा वास अंगणभर. आणि रविवारी एक वडील माझ्या दारात. ते गोव्यात कामाला, आठवड्याला येतात. "झिलाक शाळेत सुकट निवडूक धाडलंय काय मी?" पेन्सिल धरायला हीच तीन बोटं लागतात, त्यांना बळ आल्याशिवाय अक्षर वळत नाही, हे मी त्यांना हाताने करून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "बरा, पण एबीसीडी कधी?"

इथे कोर्स कमी पडतो. घराचा मान ठेवा म्हणतात, पण घरालाच सुकट नको नि एबीसीडी हवी असेल तर काय करायचं? बैठकीत विचारलं तर उत्तर आलं, संवाद चालू ठेवा. चालू आहे. मुलगा रोज येतो, वडील अजून नाराज आहेत.

दुसरी तक्रार पालकसभेची. दर महिन्याला सकाळी अकराला सभा, निम्मे पालक हजर, पुरावा म्हणून फोटो. आमच्याकडे अकराला आया मासळीबाजारात असतात, बाप होडीवर नाहीतर मुंबई-गोव्यात. हजेरीच्या फॉर्मात चौकोन दोनच, 'आई' आणि 'वडील', खाली 'इतर'. आमच्या निम्म्या घरांत घर चालवणारी ती 'इतर'च. शेवटी सभा मी किनाऱ्यावर घेतली, रापण लागली होती तेव्हा. होडी जाळं अर्धगोलात टाकून येते, दोन्ही दोर किनाऱ्यावर, दोन रांगा ओढत असतात, आणि जाळं वर येईपर्यंत बायका पाट्या घेऊन बसून असतात. वेळच वेळ. बारा घरं भेटली, एवढी बालवाडीत कधी जमली नव्हती. दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो म्हणून मीही ओढला आणि चार बांगडे घेऊन घरी आले. मुलं दुसऱ्या दिवशी जुन्या साडीची रापण करून खेळली. दगडांचे बांगडे, आणि वाटे सारखे पडेपर्यंत भांडण. गणिताचा त्या महिन्याचा तास तिथेच झाला.

फॉर्मात हे बसेना. पण आमच्या मार्गदर्शक ताईंनी आवाजी संदेश पाठवला की तसंच लिहून पाठवा, मी मंजूर करते. ताई दोन दिवसांत उत्तर द्यायच्याच, दर वेळी. ॲपला दोन तारे, ताईंना पाच.

ॲपबद्दल लांबण लावत नाही. व्हिडिओ उतरवून ठेवता येत नाहीत, पावसात वीज गेली की टॉवर गेला, आणि एका कामाची अंतिम तारीख नेमकी गणपतीत. कोकणातल्या बाईला गणपतीत गृहपाठ!

आणखी एक खंत. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर जेमतेम चार मिनिटं. १९४५मध्ये बोर्डीला सुरू झालेलं आणि पुढे कोसबाडला गेलेलं त्यांचं काम आपल्याच कोकणातलं, डहाणू तालुक्यातलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची. खळ्यात जाऊन बसायला मला टूसॉनची ओळख लागली याची थोडी लाजच वाटली.

घ्यावा का? नवीन बाईने पहिल्यापासून सगळा करावा. जुन्या बाईने पहिले तीन महिने ढकलत काढावेत आणि चौथ्या भागाच्या भेटी मात्र मनापासून कराव्यात, तीनऐवजी दहा. जूनची तुकडी घेऊ नका, ऑक्टोबरची घ्या. वीज टिकते, रापण लागते, आणि आजी खळ्यात सापडते. जाताना गोलमो निवडायची तयारी ठेवा, नुसतं बसून राहिलात तर ती बोलणार नाही.