23,400 रुपयांचं काळं पाणी (मायकोरायझा म्हणून गळ्यात मारलं)

लिहू की नको करत तीन आठवडे गेले, लाज वाटते म्हणून. मी ॲग्री डिप्लोमावाला, गावातले लोक मला विचारून खतं आणतात, आणि मलाच कोणीतरी टोपी घालून गेलं.

आधी हिशोब. मायकोरायझाचे (झाडाच्या मुळात राहणारी उपयोगी बुरशी) 1 किलोचे 8 पुडे, एक 2,350 ला, झाले 18,800. त्यावर "ॲक्टिव्हेटर"चे 4 कॅन, 1,150 प्रमाणे 4,600. एकूण 23,400. त्यातले 5,000 ऑनलाइन टाकले आणि 18,400 रोख, कारण "दादा, पक्कं बिल केलं तर तुम्हालाच महाग पडेल". हातात काय तर वहीच्या पानावरची चिठ्ठी. पक्कं बिल नको म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा, मी लावला नाही.

आता म्हणाल गरज काय होती. दोन एकर डाळिंब, जमीन चुनखडीची. अशा जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) टाकला की कॅल्शियमला धरून बसतो, आणि नत्रासारखा पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येत नाही, मुळाच्या भोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा संपला की मूळ उपाशी, मग डीएपीच्या कितीही गोण्या ओता. मायकोरायझा मुळाच्या आत घर करते, तिचे धागे बाहेर काही सेंटिमीटर लांब जाऊन तिथला स्फुरद आणून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हे सगळं खरं आहे हो! तो विकणारा पोरगा इथपर्यंत एक शब्द खोटं बोलला नाही, म्हणून तर मी फसलो. माझा माती परीक्षणाचा रिपोर्ट त्यानं माझ्यापेक्षा नीट वाचला आणि म्हणाला, "पैसा बँकेत पडून आहे दादा, तुमच्याकडे एटीएम कार्ड नाही." मला पटलं.

मग ड्रम. हा ड्रम आठवला की अजून झोप उडते. 200 लिटर पाणी, 4 किलो गूळ, 2 पुडे, 48 तास झाकून ठेवा, "कोटीच्या पटीत वाढतं". अरे बाबा, ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही! गुळात नाही, ताकात नाही, लॅबच्या साध्या माध्यमातही नाही. म्हणून तर खरी बनवणारे मक्यासारख्या पिकाच्या मुळांवर कुंडीत वाढवतात, नाहीतर लॅबमध्ये मुळंच वाढवून त्यांच्यावर. ट्रायकोडर्मा नावाची दुसरी बुरशी गुळात वाढते, ते बघून आपल्याला सवय झालेली असते. पण मी हे परीक्षेत लिहिलंय, पाच मार्काला, आणि इथं मी स्वतःच्या हातानं गूळ फोडत बसलेलो.

बायको ढवळत होती, म्हणाली, "अहो, हे सगळंच विरघळलं की, तळाला काहीच नाही." कोऱ्या चहासारखं पाणी. मी शहाणा, म्हणलं चांगला माल आहे, शंभर टक्के सोल्युबल. बीजाणू कधी विरघळतो का? यांचे बीजाणू बुरशीच्या मानानं भलते मोठे, काही 200-300 मायक्रॉनचे, ड्रिपच्या 120 मेशच्या फिल्टरला अडकतील असे. माझा फिल्टर चकाचक. तेव्हा मला आनंद झाला होता की ड्रिप चोक झालं नाही!

पत्रकावर "सर्व पिकांसाठी" आणि खाली कोबीचा फोटो. कोबी, फ्लॉवर, मोहरी यांच्या मुळांत मायकोरायझा बसतच नाही, पालक-बीटमध्येही नाही. सोबत फॉस्फरिक ॲसिड सोडा म्हणाला, ते तर उलटंच, स्फुरद भरपूर मिळाला की झाड बुरशीला जवळच करत नाही. माझी बाजू एवढीच की हस्त बहाराचं पहिलं पाणी दिलेलं, मजूर लागलेले, पाहुणा दारात, डोकं कुठं चालतं.

पाच दिवसात पालवी तजेलदार झाली आणि मी त्याला फोटो पाठवला, वर अंगठा. खरी मायकोरायझा मुळात शिरून काम दाखवायला कित्येक आठवडे घेते. माझ्या मते त्यात ह्युमिक ॲसिड आणि थोडं नत्र होतं.

ओळखीतला एक पोरगा मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करतोय. त्यानं पावडर चाळणीतून धुवून मायक्रोस्कोपखाली बघितली, बीजाणू शून्य. मग मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून शाई-व्हिनेगरमध्ये रंगवली. औषध सोडलेली ओळ आणि न सोडलेली ओळ, दोन्हीत सारखीच थोडी थोडी बुरशी, आणि सगळ्यात जास्त कशात? बांधावरच्या गवतात. पेशीपेशीत निळी झाडं उभी असल्यासारखी. फुकटची.

तक्रार करायला गेलो. पहिल्या ऑफिसात म्हणे पुड्यावर "जैविक खत" लिहिलेलंच नाही, "भूमी संजीवक" लिहिलंय, आमच्यात बसत नाही. जैविक खतं 2006 पासून खत नियंत्रण आदेशात आहेत, मायकोरायझाला ग्रॅममागे किमान 100 जिवंत प्रोपॅग्यूल (ज्यातून बुरशी उगवते असे कण) लागतात, मी कागद काढून दाखवला तर साहेब म्हणाले, "तुम्हाला एवढं माहीत होतं तर घेतलं कशाला?" यावर काय बोलणार. न फोडलेले 2 पुडे नेले होते, ते चालत नाहीत, सॅम्पल म्हणे विक्रेत्याच्या दुकानातूनच घ्यावं लागतं. दुकानच नाही हो त्याचं, मोटरसायकल आहे! पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला. चार चकरा, चार दिवसांचा खाडा, आणि ऑनलाइनच्या 5,000 ची नोंद सोडली तर कागदावर मी काही घेतलंच नाही. ग्राहक आयोगाकडे अर्ज करतोय त्याच एका नोंदीवर. तुम्ही देणार असाल तर सगळे ऑनलाइनच द्या, आणि एक पुडा न फोडता ठेवा. लॉट नंबर, एक्सपायरी नसेल तर हातही लावू नका. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, सगळं विरघळलं की समजा.

त्याचा फोन बंद आहे, स्टेटस मात्र चालू. परवा माझ्याच बागेचा फोटो टाकलाय, खाली "समाधानी शेतकरी". काल एका कोबीच्या प्लॉटवर उभा होता, मागं निळा ड्रम. तो प्लॉट कोणाचा आहे ओळखत असाल तर त्याला आत्ता फोन करा, 48 तास व्हायच्या आत.