नोकरी करत दूरशिक्षणाने ऑपरेशन्सचा एमबीए : तीन सेमिस्टरनंतरचा अनुभव

मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे प्रेस मशीनवर पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या कारखान्यात, पीपीसीला (उत्पादनाच्या नियोजनाला) आहे. म्हणजे कुठल्या प्रेसवर कधी कुठला पार्ट चालवायचा हे ठरवायचं, आणि तसं झालं नाही की सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. बीई मेकॅनिकल, दहाएक वर्षांची नोकरी, घरी शाळकरी मुलगी. एका मुक्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने एमबीए करतेय, स्पेशलायझेशन ऑपरेशन्स, म्हणजे उत्पादन आणि पुरवठ्याचं व्यवस्थापन. तीन सेमिस्टर झाली, चौथं चालू आहे. कंपनीतली मुलं जेवणाच्या सुट्टीत "मॅडम, घ्यावं का ॲडमिशन?" विचारत असतात. त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी नावाचा घोळ. पुष्कळ जण 'इंजिनिअरिंग मॅनेजमेंट' शोधत असतात, कारण परदेशात त्या नावाच्या मास्टर्स डिग्र्या आहेत. आपल्याकडे इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने घेणं म्हणजे विषाची परीक्षा. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१७ मध्ये चार अभिमत विद्यापीठांच्या दूरशिक्षणातल्या इंजिनिअरिंग पदव्यांबाबत निकाल दिला, आणि २००५ नंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. त्यामुळे कुणी 'डिस्टन्स एमटेक' गळ्यात मारू लागला तर फोन ठेवून द्या. मॅनेजमेंटची गोष्ट वेगळी. मान्यता असलेल्या विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. मान्यता विद्यापीठाच्या जाहिरातीत बघू नका, यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या साइटवर बघा. आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष, दोन्ही तिथे असायला हवं.

आता पैसे. माझी दोन वर्षांची फी नव्या ॲक्टिवापेक्षा कमी आहे. पण तेवढी तरी का भरायची, हा प्रश्न रास्त आहे, कारण शिकायचं सगळं फुकट उपलब्ध आहे. ऑपरेशन्स रिसर्च (नियोजनाचे निर्णय गणिताने घ्यायचा विषय) मी विद्यापीठाच्या पुस्तकातून शिकलेच नाही. आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांची एनपीटेल या मोफत ऑनलाइन पोर्टलवरची लेक्चर्स बघितली. फळ्यावर सावकाश गणित मांडत जाणारा माणूस, तोही विनामूल्य. विद्यापीठाने दिलेल्या पुस्तकांतली उदाहरणं मात्र अशा काळातली, की 'संगणकाचा वाढता वापर' हा स्वतंत्र धडा आहे. माझ्या मते फी भरायची ती दोन गोष्टींसाठी : पदवीच्या कागदासाठी आणि परीक्षेच्या तारखेसाठी. त्यातही तारीख जास्त मोलाची. ती लेक्चर्स माझ्या मोबाइलमध्ये कैक वर्षं सेव्ह करून पडली होती. हॉल तिकीट आलं तेव्हा ती बघून झाली.

वेळेचं गणित प्रवेशाआधी करा. मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. पाच विषय, प्रत्येकी चार क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला ६०० तास. सव्वीस आठवड्यांत ते बसवायचे तर आठवड्याला २३ तास. नोकरी करणाऱ्या माणसाकडे हे तास नसतात, आणि लग्न झालेल्या बाईकडे तर नसतातच. कुणी "मी रोज पहाटे चारला उठायचे" वगैरे सांगितलं तर ऐका आणि सोडून द्या. मी एका परीक्षेला तीनच पेपर देते, उरलेले पुढच्या खेपेला. दोन वर्षांचा कोर्स चार वर्षांत पूर्ण करायची मुभा आहे. ती वापरण्यात काहीही कमीपणा नाही.

माझे तास दोन ठिकाणी सापडले. एक, मेट्रो. जनरल शिफ्ट असली की आयडियल कॉलनीला चढायचं, सिव्हिल कोर्टला (आताचं नाव जिल्हा न्यायालय) गाडी बदलायची आणि नाशिक फाट्याला उतरायचं. सिव्हिल कोर्टला वरच्या स्टेशनवरून थेट जमिनीखाली जावं लागतं, एकामागून एक सरकते जिने. तेवढ्यात नुकतं वाचलेलं मनात उजळून घेता येतं. मेट्रोत गणित होत नाही, थिअरी होते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मात्र हे बंद, कारण सातला लाईनवर पोचायला स्कूटरशिवाय पर्याय नाही.

दुसरी जागा, गुरुवार. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे आपल्या लोकांना सांगायला नको. विद्यापीठाचे संपर्क वर्ग रविवारी. आमचा रविवार म्हणजे भर कामाचा दिवस. त्यामुळे वर्ग हा प्रकार माझ्यासाठी जवळपास नव्हताच. रजा टाकून एकदा गेले तर 'आज सर येणार नाहीत' हा मेसेज केंद्राच्या दारात पोचल्यावर आला. पण गुरुवारचा एक फायदा आहे. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, घर सकाळी शांत. तोटाही तोच, कारण बँक, गॅस, मुलीच्या शाळेतलं काम, सगळं 'तुला सुट्टीच आहे ना' म्हणत माझ्याकडे येतं. जेवणापर्यंतचा गुरुवार माझा, हे घरी ठणकावून सांगावं लागलं. सासूबाईंनीच ते आधी मान्य केलं. त्या दारावर आलेल्या कुरिअरवाल्यालाही "हळू बोला, सून अभ्यास करतेय" म्हणतात. नवऱ्याला जरा वेळ लागला.

आता मुद्द्याचं. या शिक्षणाला प्रयोगशाळा नाही, ती तुमच्या कंपनीत असते. जो विषय शॉपवर नेऊन बघता आला तो कळला. बाकीचे पाठ करून पास झाले आणि विसरले.

उदाहरण म्हणून ईओक्यू घ्या, म्हणजे एका वेळी किती माल मागवायचा याचं सूत्र. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ते १९१३ साली मांडलं. (नाव फोर्ड, पण माणूस वेस्टिंगहाउसचा.) बीईला मी ते पाठ केलं होतं. या वेळी आमच्या आकड्यांच्या जवळपासचे आकडे घालून बघितले. बाहेरून येणारी एक बुश (नळीसारखा छोटा पार्ट), वर्षाला १२,००० नग. एका ऑर्डरमागे गाडी, इनवर्ड (आलेल्या मालाची नोंद), तपासणी मिळून ५०० रुपये. एक नग वर्षभर सांभाळायचे ३० रुपये. उत्तर येतं ६३२. सप्लायर म्हणतो, हजाराच्या खाली लॉट देणार नाही. पूर्वी मी यावर भांडले असते. आता खर्च मांडून बघितला : ६३२ च्या लॉटला वर्षाला साधारण १९,००० रुपये, हजाराच्या लॉटला २१,०००. लॉट दीडपटीहून मोठा आणि खर्च जेमतेम अकरा टक्के जास्त. उलट ३०० चा लॉट केला तर २४,५००. म्हणजे तळाशी तो आलेख बशीसारखा सपाट आहे. थोडं इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही, आणि जास्तीपेक्षा कमी मागवणं महागात पडतं. परीक्षेत ६३२ लिहिलं की मार्क मिळतात. कामाला येतो तो हा सपाटपणा, आणि त्यावर प्रश्नपत्रिकेत कधी काही विचारत नाहीत.

पण खरी गंमत पुढे आहे. सूत्रातले ते ५०० रुपये देवाने दिलेले नाहीत. ते कमी केले तर छोटा लॉटही परवडतो. पार्ट आपणच बनवत असू तर ऑर्डरच्या खर्चाच्या जागी सेटअपचा, म्हणजे मशीनवर पुढच्या पार्टची तयारी करायचा, खर्च येतो. टोयोटात शिंगो या जपानी इंजिनिअरने डाय (प्रेसमधला साचा) बदलायचा वेळ दहा मिनिटांच्या आत आणायचा ध्यास घेतला तो यासाठीच. सेटअपचा खर्च चौथाईवर आला तर लॉट निम्म्यावर येतो, हे त्याच सूत्रातल्या वर्गमुळातून निघतं. हे वाचल्यावर मी आमच्या एका प्रेसपाशी मोबाइलवर टायमर लावून उभी राहिले. प्रेस थांबली. मग नवी डाय रॅकवर शोधायला सुरुवात झाली. फोर्कलिफ्ट डिस्पॅचला अडकलेली. डाय आली तर क्लॅम्पचे बोल्ट वेगळ्या लांबीचे, कुणीतरी टूलरूमला पळालं. डाय चढली, पहिला पीस निघाला, आणि क्वालिटीचा मुलगा चहाला गेलेला. एवढ्या वेळात पान्याने प्रत्यक्ष काम झालं ते थोडंच, बाकी सगळं वाट बघणं. पुढची डाय आणि तिचे बोल्ट आधीच ट्रॉलीवर लावून ठेवायचे, एवढाच बदल आम्ही केला. एकही नवं मशीन न घेता फरक पडला. प्लॅनमध्ये आता मी लहान लॉट टाकू शकते, आणि स्टोअरवाले माझ्याशी जरा नीट बोलतात.

पर्टचंही तसंच, म्हणजे प्रोजेक्टला किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायच्या पद्धतीचं. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ च्या सुमारास निघालेली ही पद्धत. कामाचे तीन अंदाज घ्यायचे : सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, आणि सगळं फिस्कटलं तर. मधल्याला चौपट वजन देऊन सहाने भागायचं. एक प्रेस हलवायची होती तेव्हा मेंटेनन्सच्या काकांना तिन्ही विचारले. चार दिवस, पाच दिवस, आणि फाउंडेशनला पाणी लागलं तर बारा. सूत्राने आले सहा. मी आकडा सांगायच्या आत काका म्हणाले, "साहेबांना पाच सांगा, पण तुम्ही सहा धरून चला." मी प्लॅनमध्ये सहा धरले आणि साहेबांनाही सहाच सांगितले, कारण सहा कुठून आले ते आता मला कागदावर दाखवता येत होतं.

अकाउंटिंगने घाम काढला. इंजिनिअर माणसाला डेबिट-क्रेडिट अंगवळणी पडत नाही. तरी मार्जिनल कॉस्टिंगचा, म्हणजे एक नग जास्त बनवला तर खर्च किती वाढतो ते बघण्याचा, धडा वसूल झाला. कागदावर तोट्याची दिसणारी ऑर्डर मशीन रिकामं असताना घ्यावी, आणि मशीन भरलेलं असताना नफ्याचीही नाकारावी लागू शकते, हे कळल्यापासून सेल्सवाल्यांशी भांडणं कमी झाली. ऑर्गनायझेशनल बिहेवियरबद्दल (कंपनीतली माणसं कशी वागतात त्याचा विषय) लिहिण्यासारखं नाही. प्रश्न कुठलाही असो, मास्लोचा त्रिकोण (माणसाच्या गरजांची उतरंड) काढला की मार्क पडतात. मार्केटिंग वाचलं, लिहिलं, संपलं.

असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात आणि त्यांना ३० टक्के वजन आहे. कॉलेज सुटल्यापासून सहीपलीकडे पेन न धरलेल्या हाताला हे फार जड जातं. शिवाय नेटवर तयार उत्तरं विकणारे पैशाला पासरी आहेत. त्यांच्या वाटेला जायचं कारण नाही, कारण उत्तरात आपल्या कंपनीचं उदाहरण घातलं की मार्क बरे येतात. माझी खरी तक्रार नंतरची आहे. एका विषयाच्या असाइनमेंटचे मार्क ग्रेड कार्डवर चढेचनात. मेल केले, तक्रार नोंदवली. तक्रार 'निकाली' झाली, मार्क मात्र जागच्या जागी. शेवटी पोचपावतीची प्रिंट घेऊन स्वतः कार्यालयात गेले तेव्हा काम झालं, तेही तिथल्या एका बाईंनी जेवणाची सुट्टी बाजूला ठेवून केलं म्हणून. पोचपावती, फीची पावती, हॉल तिकीट, सगळ्याच्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये ठेवा. दूरशिक्षणात विद्यापीठ आपल्याला ओळखत नाही, पावतीला ओळखतं.

परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. पुण्यातला जून म्हणजे पालख्या कधी पेपरात येतील सांगता येत नाही. माझा ऑपरेशन्सचा पेपर नेमका त्याच दिवशी आला, दुपारी दोन ते पाच. जाताना अडचण आली नाही. बाहेर आले तर फर्ग्युसन रस्ता बंद, टाळ-मृदंग, आणि मेट्रोच्या स्टेशनात पाय ठेवायला जागा नाही. तिथेच दर्शन झालं म्हणायचं आणि चालत सुटायचं. केंद्र निवडताना मेट्रोजवळचं घ्या आणि पंचांग उघडून बघा. विनोद करत नाहीये.

पगार वाढला का? नाही. एचआरने 'पूर्ण झाल्यावर सर्टिफिकेट द्या' म्हणून फाइल बंद केली. महिन्याच्या रिव्ह्यूत मात्र प्लँट हेड आता इन्व्हेंटरीचा प्रश्न माझ्याकडे बघून विचारतात. ज्यांना बढतीसाठी कागद हवाय त्यांनी आधी आपल्या कंपनीची पॉलिसी बघावी. काही ठिकाणी नियमितच एमबीए लागतो. ज्यांचं काम शॉप, स्टोअर, प्रोजेक्ट किंवा सर्व्हिस सेंटरचं आहे त्यांना हे वाचताना रोज काहीतरी सापडेल. आयटीतल्या माझ्या भावाने माझं बघून याच कोर्सला नाव घातलं आणि दुसऱ्या सेमिस्टरला सोडलं. त्याला डाय कुठे दिसणार होती?

चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असतो. मी डाय चेंजचाच विषय घेतलाय. सिनॉप्सिसबरोबर (प्रोजेक्टच्या आराखड्याबरोबर) गाइडचा सही केलेला बायोडेटा लागतो, आणि कंपनीचे आकडे वापरायचे तर कंपनीचं पत्रही घेऊन ठेवावं. गाइड पटकन मिळाले, कॉलेजचे जुने सर आहेत. पत्राचा अर्ज मात्र एचआरकडून प्लँट हेडकडे आणि तिथून कस्टमरचं नाव झाकायचं की नाही या चर्चेत गेलाय. तेव्हा अर्ज तिसऱ्या सेमिस्टरच्या परीक्षेआधीच टाका, आणि त्यात कस्टमरऐवजी 'ग्राहक अ' असं स्वतःहून लिहून द्या.