अक्कलदाढ काढायची की राहू द्यायची? एकाच तोंडातल्या दोन दाढा

गेल्या महिन्यात कोथरूडच्या आमच्या घरी भाचीने तिचा ओपीजी खिडकीच्या काचेवर धरला. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे. तिचं वय 23. डेंटिस्टांनी सुचवलं होतं, "चारही अक्कलदाढा एकदमच काढून टाकू, पुढे त्रास नको." ती मला विचारत होती, "मावशी, तुझा तर ओठ बधिर झाला होता ना? मग मी काढू की नको?"

माझा ओठ खरंच बधिर झाला होता. 42व्या वर्षी खालची दाढ काढली आणि पुढचे पाच महिने हनुवटीची एक बाजू माझी नव्हतीच. चहा ओघळला तरी कळायचं नाही. मग मुंग्या येऊ लागल्या आणि संवेदना हळूहळू परतली. पण त्याआधीची दहा-बारा वर्षं मी तीच दाढ सांभाळत बसले होते. दर पावसाळ्यात हिरडी सुजायची, गोळ्यांचा कोर्स व्हायचा, बरं वाटलं की विसरून जायचं. म्हणून तिला डोळे मिटून 'काढ' म्हणणं मला जमेना आणि 'राहू दे' म्हणणंही जमेना. आम्ही एकेक दाढ वेगळी पाहायला बसलो.

उजवी आणि डावी

तिची खालची उजवी दाढ पुढे कललेली आहे आणि शेजारच्या दाढेवर टेकली आहे. अर्धी बाहेर, अर्धी हिरडीखाली. त्या फटीत पोह्याचा कण अडकला तर ब्रश पोहोचत नाही. वर्षभरात दोनदा तिथली हिरडी सुजली, एकदा तर तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. डावी दाढ मात्र पूर्ण हाडात गाडलेली, शांत, आणि तिची मुळं खालच्या जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या अगदी अंगावर. वरच्या दोन्ही सरळ आल्या आहेत, स्वच्छ आहेत, घासता येतात.

उजवी ठेवली तर काय होईल, याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. हिरडी पुन्हा सुजेल. त्याहून वाईट म्हणजे टेकलेल्या जागी शेजारची चांगली दाढ मागच्या बाजूने किडू शकते. ती कीड आरशात दिसत नाही, दुखायला लागते तेव्हा गोष्ट रूट कॅनलपर्यंत गेलेली असते, कधी ती दाढही गमवावी लागते. ज्या दाढेने आयुष्यभर भाकरी चावायची, ती एका निरुपयोगी दाढेपायी जाते. माझ्या मते उजवीच्या बाबतीत हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी आहे.

डावीचं पारडं उलटं. तिला आज आजार काही नाही. काढायची तर हाड कोरावं लागेल आणि धोका नेमका नसेला. ब्रिटनमधल्या 'नाइस' या उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने 2000 साली स्पष्ट सांगितलं की आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. अमेरिकेतले बरेच ओरल सर्जन मात्र विशीच्या सुरुवातीलाच काढून घेण्याकडे झुकतात, कारण त्या वयात मुळं पूर्ण वाढलेली नसतात, हाड लवचीक असतं आणि जखम लवकर भरते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ब्रिटनमध्ये नंतर दाढ काढायला येणाऱ्यांचं सरासरी वय वाढलं आणि शेजारची दाढ किडून आलेले रुग्णही जास्त दिसू लागले. म्हणजे 'राहू द्या' हा सल्ला त्यापुढची तपासणी चुकवली नाही तरच खरा ठरतो.

एक समज इथेच बाजूला ठेवते. 'अक्कलदाढ पुढचे दात ढकलून वाकडे करते' हे घरोघरी ऐकू येतं. पुढच्या दातांची गर्दी वयानुसार अक्कलदाढ नसलेल्यांचीही वाढते. तेवढ्या कारणासाठी ती काढू नये.

काढण्यातले धोके, खरे केवढे?

सूज, दुखणं आणि तोंड कमी उघडणं जवळपास प्रत्येकाला होतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते आणि आठवड्याभरात उतरते. याला धोका म्हणू नये, हा ठरलेला खर्च आहे.

ड्राय सॉकेट मात्र समजून घ्या. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्याखाली हाड भरून येतं. ती गुठळी विरघळली किंवा निघाली की हाड उघडं पडतं. दुखणं उतरणीला लागलेलं असताना तिसऱ्या दिवसाच्या आसपास ते अचानक वाढतं, कानापर्यंत कळ जाते, तोंडाला वास येतो. साध्या दातांच्या बाबतीत हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. अडकलेल्या खालच्या अक्कलदाढांत काही ठिकाणी तीसपर्यंत प्रमाण नोंदलं गेलं आहे. सिगारेट, तंबाखू आणि गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो. उपचार सोपा आहे: डॉक्टर खळगा धुऊन औषधाची पट्टी भरतात आणि बऱ्याचदा तासाभरात जीव शांत होतो. घरी लवंग किंवा गोळी चुरून खळग्यात कोंबू नका, त्याने हिरडी भाजते.

नसेचं सांगते, कारण भीती तिचीच जास्त. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस मुळांच्या जवळून जाते; जिभेची नस दाढेच्या आतल्या बाजूने. ओठाचा तात्पुरता बधिरपणा शंभरात फार तर आठ जणांपर्यंत सांगितला जातो, कायमचा शंभरात एकाहून कमी. ओठ लुळा पडत नाही, हसणं-बोलणं चालू राहतं. जाते ती स्पर्शाची जाण. जिभेच्या नसेला इजा झाली तर चवही बिघडू शकते. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते, माझी परतली. पण हे सरासरी आकडे आहेत. ओपीजीवर नसेच्या नळीची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली दिसली, मूळ तिथे काळपट दिसलं किंवा नळी वळलेली दिसली, तर तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त. तेव्हा सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घेण्यात अर्थ आहे. माझ्या वेळी तो कुणी सुचवला नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. ही रुखरुख अजून आहे.

वरच्या दाढांत नसेची काळजी नसते. तिथे क्वचित सायनसकडे भोक पडतं. मग काही दिवस नाक जोरात शिंकरायचं नाही. जबडा मोडणं फारच दुर्मीळ, तेही चाळिशीनंतर आणि खोल गाडलेल्या दाढेत जास्त.

मधला रस्ताही आहे. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि नसेला चिकटलेली मुळं तशीच ठेवायची. याला कोरोनेक्टोमी म्हणतात. नसेला इजा होण्याचा धोका कमी होतो. पण पुढे मुळं वर सरकली तर दुसरं ऑपरेशन लागू शकतं, आणि दाढ आतपर्यंत किडलेली किंवा हलत असेल तर हा पर्याय राहत नाही.

कुठे काढायची

सरळ आलेली वरची दाढ घराजवळचे नेहमीचे डेंटिस्ट छान काढतात. आडवी, गाडलेली किंवा नसेजवळची असेल तर ओरल सर्जरीत एमडीएस (डेंटिस्टांची पदव्युत्तर पदवी) केलेल्यांकडेच जा. पुण्यात बरेच डेंटिस्ट अशा सर्जनना आपल्याच दवाखान्यात बोलावतात, त्यामुळे 'हात कुणाचा असणार आहे?' हे आधी विचारा. धनकवडीचं भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील या डेंटल कॉलेजांमध्ये ओरल सर्जरीचा स्वतंत्र विभाग असतो आणि फी बरीच कमी पडते. फेऱ्या मात्र जास्त होतात, आणि पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात.

रक्त पातळ होण्याची गोळी, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधं, मधुमेह, दम्याचा त्रास हे सगळं आधी सांगा. ॲस्पिरिनसारखी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि दाढ काढलेली असो वा ठेवलेली, सूज हनुवटीखाली गळ्याकडे उतरली, गिळता येईना किंवा श्वास अडकल्यासारखा वाटला, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलचा तातडीचा विभाग गाठा.

भाचीने दुसऱ्या एका ओरल सर्जनचं मत घेतलं. उजवी काढायची ठरली. तिची मुळं नसेपासून लांब आहेत. डावी राहणार, दर सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा ओपीजी. वरच्या दोघींना हात लावायचा नाही. तिला शुक्रवार हवा होता, ऑफिसची सुट्टी वाचावी म्हणून. मी सोमवार सकाळ घ्यायला लावली, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ उठलीच तर दवाखाना उघडा असेल. बर्फाचे दोन पॅक फ्रीजरमध्ये ठेवलेत, मुगाची डाळ आणली आहे, आणि पहिले काही दिवस स्ट्रॉने काही प्यायचं नाही हे तिने स्वतःच फ्रीजवर लिहून चिकटवलं आहे.