रेल्वे, विमान, मोटार: दोनच पुस्तकं घ्यायची तर

भाच्याचं ऑफिस द्रोणागिरीला गेलं. आता रोज ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून नेरुळ आणि तिथून उरण लोकल. उरणची गाडी हुकली की नेरुळला बाकडं शोधून बसायचं. त्या बाकड्यावर वाचायला म्हणून त्याने विचारलं, "मामा, गाड्या-विमानांवरची दोन पुस्तकं सांग. दोनच. आणि शाळेतल्यासारखी माहितीपर नकोत."

माझ्या कपाटात या विषयाचा एक खण आहे. मी ठाणेकर, त्यामुळे कल रेल्वेकडे, हे आधीच कबूल करतो. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी आमच्या गावी येऊन थांबली. त्यात आमचं कर्तृत्व शून्य, पण अभिमान भरपूर.

रेल्वेप्रवासावर पहिलं नाव निघतं ते पॉल थरू यांच्या 'द ग्रेट रेल्वे बझार'चं (१९७५). लंडनहून निघून आशियाभर गाड्या बदलत जपान आणि परत येताना ट्रान्स-सायबेरियन. गद्य झकास, पण नजर तिरकस. डब्यातला प्रत्येक सहप्रवासी जणू त्यांच्या विनोदासाठीच तिकीट काढून बसलाय, असं शंभर पानांनंतर वाटू लागतं. त्याच्या शेजारी मी ठेवतो बिश्वनाथ घोष यांचं 'चाय, चाय' (२००९). कल्पना साधी आहे: ज्या जंक्शनांवर आपण फक्त चहापुरते उतरतो, तिथे स्टेशनाबाहेर पडून मुक्काम करायचा. मुगलसराय, झाशी, इटारसी, गुंटकल, आर्कोणम, जोलारपेट, शोरानूर. लेखकाच्या बऱ्याच संध्याकाळी बारमध्ये जातात, तेवढं सोसायची तयारी हवी. पण ज्याची रोजची गाडी बदलण्यात अर्धा तास जातो, त्याला थरूंपेक्षा घोष जवळचे वाटतील. शिवाय प्रकरणं गावागणिक सुटी आहेत. मधेच गाडी आली तर पुस्तक मिटता येतं.

इतिहास हवा असेल तर निवड जरा अवघड. राजेंद्र आकलेकरांचं 'हॉल्ट स्टेशन इंडिया' (२०१४) हे मुंबईच्या रुळांलगत पायी हिंडून, जुन्या खुणा शोधत लिहिलेलं. ते वाचल्यावर फलाटावर उभं राहायची सवयच बदलते. मोबाइलऐवजी छताचे खांब, जुनी दगडी भिंत, पुलाचे ओतीव भाग बघत बसतो माणूस. इयान कर यांचं 'बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज' (१९९५) अभ्यासकाचं आहे, तळटीपांनी भरलेलं. त्यात गाडी कमी आणि ती ज्यांनी बांधली ते मजूर, मुकादम, कंत्राटदार जास्त. भोर घाटाचं काम घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन लगेचच वारला आणि काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने पुढे चालवलं. कर्जतहून लोणावळ्याला चढताना बोगदे मोजणाऱ्यांनी हा काळ एकदा नीट वाचावाच. पण रोजच्या बाकड्यावर नाही. त्याला घरचं टेबल आणि पेन्सिल लागते.

दोन्ही परवडत नसतील तर गांधीजींची 'थर्ड क्लास इन इंडियन रेल्वेज' ही १९१७ ची पुस्तिका घ्या. अर्ध्या तासात संपते. मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने निघाले, डब्यावर बावीस उतारूंची पाटी, आणि रायचूरनंतर गर्दी असह्य झाली. संध्याकाळी दादरला डाऊन फास्टमध्ये शिरलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

विमानांचा खण लहान आहे. नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून मात्र या पुस्तकांची चौकशी वाढलीय. कॅप्टन गोपीनाथ यांचं 'सिम्प्ली फ्लाय' बहुतेकांना त्यावर बेतलेल्या तमिळ सिनेमामुळे ठाऊक असतं. सिनेमाच्या ओढीने घ्याल तर फसाल, कारण विमान बऱ्याच उशिरा येतं. आधी सैन्य, मग हासनजवळची शेती, रेशीमकिडे, मग हेलिकॉप्टर, आणि २००३ मध्ये कुठे एअर डेक्कन ही विमानकंपनी. मला स्वतःला तो शेतीचा भागच जास्त आवडला. मार्क व्हॅनहोनेकर यांचं 'स्कायफेअरिंग' (२०१५) याच्या अगदी उलट. जंबो जेट चालवणाऱ्या वैमानिकाने कॉकपिटातून जग कसं दिसतं ते सांगितलंय. धंदा नाही, तिकिटांचे दर नाहीत. ढग, रात्र, पाणी. एका शहरातून उठून दुसऱ्यात उतरल्यावर मन मागेच राहतं, त्याला तो 'प्लेस लॅग' म्हणतो. सुंदर आहे, पण सलग चाळीस पानांच्या पुढे डुलकी लागते. मराठीतच वाचायचं असेल तर गिरीश कुबेरांचं 'टाटायन'. पण ते सगळ्या टाटा घराण्याचं आहे. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, त्यासाठी अख्खं पुस्तक घेऊ नका, वाचनालयातून आणा.

मोटारींवर फार वेळ घालवत नाही. मारुतीचे आर. सी. भार्गव यांची 'द मारुती स्टोरी' गाडीपेक्षा सरकारी कंपनी कशी चालते याची गोष्ट आहे. मॅनेजमेंटवाल्यांना उपयोगी. याउलट टॉम व्हॅंडरबिल्ट यांचं 'ट्रॅफिक' (२००८) घोडबंदर रोडवर राहणाऱ्या प्रत्येकाला लागू. सुरुवातच अशी की पुढे लेन संपतेय हे दिसत असताना आधीच रांगेत शिरावं, की टोकापर्यंत जाऊन मग घुसावं? लेखक टोकाच्या बाजूने आहे, आणि कारणंही देतो. माजिवड्याला तो कधी गेला असता तर पुस्तकाचा दुसरा भाग निघाला असता. रस्ते वाढवले की गाड्याही वाढतात, याचं प्रकरण नगरसेवकांच्या हाती पडावं असं फार वाटतं.

भाच्यासाठी माझी पहिली निवड मात्र यातली कुठलीच नव्हती. मार्क लेव्हिन्सन यांचं 'द बॉक्स' (२००६). विषय: कंटेनर. हो, तो लोखंडी डबा. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं टँकर जहाज ५८ डबे लादून अमेरिकेत न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं. कल्पना माल्कम मॅकलीन या ट्रकवाल्याची. वाचायला सगळ्यात रंजक प्रकरण कोणतं, तर डब्याचं माप ठरवण्याचं. लांबी किती, उंची किती, कोपरा कसा, यावर वर्षानुवर्षं भांडणं. आणि माप एक झालं तशी गोदीत पाठीवर गोणी वाहणाऱ्यांची गरज संपत गेली, तेही लेखक टाळत नाही. पुस्तकाचा जीव अमेरिकेतल्या बंदरांत आहे, उरणजवळचं न्हावाशेवा त्यात शोधायला जाऊ नका. आपलं ते बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. मधली बत्तीस-तेहतीस वर्षं मनातच जोडावी लागतात.

मी त्याला इतकंच म्हटलं, "उरण रोडला सिग्नलवर ट्रेलर थांबला की डब्याचा कोपरा बघ. आठही कोपऱ्यांना लोखंडी ठोकळा असतो, त्याला लांबट भोक. त्याच भोकात खालून खुंटी शिरते आणि फिरून अडकते. जहाजावर तेच, मालगाडीवर तेच, ट्रेलरवरही तेच. पुस्तक त्या भोकाबद्दल आहे."

"चारशे पानं भोकावर?"

"घे तर खरं."

त्याने 'द बॉक्स' विकत घेतलं आणि 'चाय, चाय' माझ्या खणातून नेलं. दहा दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला, खाली काही लिहिलेलं नाही. ट्रेलरचा मागचा कोपरा, गंजलेला, भोकात चिखल.