रिंगनेक डव्हचा पिंजरा: गोल विकत घेतला, लांबट करून घेतला, दहा महिन्यांनंतरचा अनुभव

जानेवारीत पांढऱ्या रिंगनेक डव्हची, म्हणजे पाळीव होल्यांची, जोडी घरी आणली तेव्हा दुकानदाराने त्यांच्यासोबतच एक गोल, घुमटाच्या छपराचा पिंजरा दिला. तीन फूट उंच, जेमतेम दीड फूट रुंद, किंमत बावीसशे. साताऱ्यातल्या आमच्या गॅलरीत फार देखणा दिसायचा. तो मी सात आठवडे वापरला आणि कोणीही घेऊ नये असं अगदी मनापासून सांगते.

कारण साधं आहे. डव्ह म्हणजे पोपट नव्हे. पोपट चोचीने जाळी धरून वर चढतो, त्याला उंची उपयोगी पडते. डव्ह चढत नाही, ते आडवं उडतं. या पाखरांनी पंख पूर्ण उघडले की दीड फुटाच्या आसपास भरतात, म्हणजे त्या पिंजऱ्यात त्यांना धड पंखसुद्धा पसरता येत नव्हते. वरचे दोन फूट नुसते रिकामे. दोघंही दिवसभर खालच्या दांडीवर, शेपटीची टोकं तारांना घासून कुंच्यासारखी झालेली. तळाला तारेची जाळी होती. महिन्याभरात मादीच्या पायाचा तळवा लाल दिसायला लागला.

आणि मग ती रात्र. गॅलरीच्या कठड्यावर मांजर आलं. अंधारात दचकलेलं डव्ह सरळ वर झेप घेतं, दिशा बघत नाही. मी दिवा लावला तोवर मादीच्या कपाळावरची पिसं निघून कातडी सोलली होती आणि पांढऱ्या मानेवर रक्त ओघळलं होतं. तिला हातात घेताना शेपटीची चार पिसं माझ्या मुठीत राहिली. घाबरलं की हे पाखरू पिसं सोडतं, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. कपाळ भरून यायला तीन आठवडे लागले.

मार्चमध्ये वेल्डिंगवाल्याकडून पाच फूट लांब, अडीच फूट खोल, तीन फूट उंच पिंजरा करून घेतला. सहा हजार आठशे रुपये लागले. जाळी अर्धा इंची घेतली. डव्ह तार चावत नाही म्हणून पोपटासारख्या जाड गजांची गरज नव्हती, पण एक इंची जाळीतून उंदराची पिल्लं आत शिरतात आणि ती मला नकोच होती. नव्या जाळीवर जस्ताची पूड असते, ती पाखरांना विषारी. म्हणून पांढऱ्या व्हिनेगरने ब्रश मारून, धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवली.

छपरावर पत्रा आहे. आमच्याकडे पारवे फार, त्यांची विष्ठा वरून दाण्यापाण्यात पडली की रोग येऊ शकतो. पत्र्याच्या चार इंच खाली आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा ताणून बांधला. सगळ्या पिंजऱ्यात मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या बोळात फटाक्यांची माळ लागली, दोघंही वर धडकली, कापड ढगळ होऊन परत ताठ झालं आणि ती पुन्हा दांडीवर येऊन बसली. एक थेंब रक्त नाही.

दांड्या दोनच, पेरूच्या फांद्यांच्या, अंगठ्याएवढ्या जाड. दोन्ही टोकांना समान उंचीवर लावल्या, म्हणजे मधे उडावंच लागतं. तळाला पत्र्याचा ट्रे आणि वर्तमानपत्र. पायाचा लालसरपणा दीड महिन्यात गेला. पाण्याला इंचभर तरी खोल वाटी हवी, कारण डव्ह चोच बुडवून ओढून पाणी पितं. दाणे सालासकट गिळतं. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते.

चुका माझ्याही झाल्या. दार मधोमध आणि मोठं ठेवलं, त्यामुळे वाटी काढताना नर दोनदा हातावरून निसटून पंख्याच्या दिशेने गेला. दोन टोकांना दोन छोटी दारं करायला हवी होती. पावसाळ्यात पश्चिमेकडून सर आत येते म्हणून तिन्ही बाजूंनी प्लास्टिक लावलं, तर आत दमट होऊन कागदाला बुरशी धरली. आता फक्त पश्चिमेला ताडपत्री, बाकी मोकळं. कोपऱ्यांतले जोड जुलैतच गंजले. रंग आधीच द्यायला हवा होता.

एक गोष्ट आवर्जून सांगते. अंगणात दिसणारा होला धरून पाळायचा विचारही करू नका. आपल्याकडच्या रानपाखरांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. रिंगनेक मुळात आफ्रिकेतल्या होल्याची माणसाळलेली जात, पिंजऱ्यातच वाढलेली.

सप्टेंबरात काथ्या घातलेल्या उथळ टोपलीत दोन अंडी झाली. दिवसा नर बसायचा, उरलेला वेळ मादी. पंधराव्या दिवशी पिल्लं. डव्ह शांत पक्षी म्हणतात, पण आता पिल्लं मोठी झाली आहेत आणि बाप त्यांना कोपऱ्यात गाठून डोक्यावर टोचतो. पाच फूट चौघांना पुरत नाहीत. पिंजरा करून घेतानाच मधे सरकतं पार्टिशन बसवायची खाच ठेवली असती तर आज इतकी धावपळ झाली नसती. पिल्लांसाठी चार फुटी दुसरा पिंजरा करायला टाकला आहे, या वेळी दोन दारांचा. रविवारी मिळेल, तोवर पिल्लं माझ्या खोलीत, धान्याच्या जुन्या लाकडी खोक्याला जाळी मारून ठेवली आहेत.