शिडाच्या होडीला जुनी मोटर घेताना मी कसा फसलो

आकडा आधी सांगतो, म्हणजे मन मोकळं होईल. मोटरचे ७८,०००, टेम्पोचे ३,२०० आणि मिस्त्रीने ती उघडून मला माझी अक्कल दाखवली त्याचे १,५००. एवढ्या पैशांत आज माझ्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, माडाच्या झावळांशेजारी एक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायची मोटर, उभी आहे. तिचा पंखा तेवढा चांगला आहे.

आमची होडी सिंधुदुर्गातल्या कर्ली खाडीत असते. एकवीस फुटी, लाकडी, माझ्या वयापेक्षा थोडी मोठी. बाबांनी ती शिडावरच चालवली. नंतर गावच्या सुताराकडून मागची बाजू कापून घेतली, जाड फळी बसवली आणि तिच्यावर आठ घोड्यांची मोटर टांगली. तरी शीड आणि डोलकाठी काढली नाही. पहाटे मतलईवर, म्हणजे जमिनीकडून सुटणाऱ्या वाऱ्यावर, शिडाने बाहेर जायचं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं, आणि वारा पडला किंवा ओहोटीचं पाणी अंगावर आलं तरच मोटर लावायची, अशी त्यांची पद्धत. आता ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, वल्हं मारवत नाही. मोटर नसेल तर होडी काठालाच.

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर ती जुनी मोटर सुरूच होईना. दोरी ओढून ओढून माझ्या खांद्याची वाट लागली. ओळखीतल्या एकाने येऊन प्लग काढला, हुंगला, परत लावला आणि म्हणाला, "संपला ह्या मशीन. आता खर्च करू नकोस." निघताना त्यानेच एक नंबर दिला. जुन्या मोटरी विकणारा माणूस आहे, मुंबईच्या पलीकडच्या तीरावर त्याची शेड आहे, माल स्वच्छ असतो वगैरे. त्याला कमिशन मिळालं की नाही हे मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून त्याच्याबद्दल इथेच थांबतो.

फोनवर फोटो आले. मोटरवरचं काळं चकचकीत झाकण, म्हणजे टोपी, तिच्यावर १५ चा आकडा. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, लाँग शाफ्ट (म्हणजे मोटरचा पाण्यात जाणारा पाय लांब), "एका साहेबाच्या यॉटवर होती, दोन सीझन पण नीट वापरली नाही." मी कुडाळात नोकरी करतो, रजा मोजून मिळते. रविवारी सकाळी पोहोचलो, संध्याकाळची गाडी पकडायची होती. ही घाई त्याला मी स्वतःच फोनवर सांगितली होती. कशाला सांगितली, देव जाणे.

शेडमध्ये गेलो तर मोटर आधीच लाकडी घोड्यावर टांगलेली. खाली, जिथून मोटर पाणी ओढते त्या जाळ्यांवर दोन रबरी कान बसवलेले आणि त्यांना नळाची पाइप जोडलेली. चहा आला. त्याने एक झटका दिला आणि मोटर सुरू. एकाच झटक्यात! आमच्या जुनीशी दोन महिने झगडलेल्या माणसाला त्या एका झटक्याने काय वाटलं असेल बघा. मागच्या भोकातून करंगळीएवढी पाण्याची धार जोरात बाहेर पडत होती. तो म्हणाला, "कूलिंग बघा, कारंजा आहे कारंजा." धूर निळा आणि दाट होता. विचारलं तर म्हणाला, टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच.

आता त्या पाच मिनिटांचा हिशोब मांडतो, कारण माझं सगळं नुकसान तिथेच झालं. टोपीवर हात ठेवला तेव्हा ती कोमट होती. मला वाटलं उन्हाने. पण शेडला छप्पर होतं आणि ऊन बाहेर होतं. मी यायच्या आधी ती चालवून गरम करून ठेवली होती. थकलेलं इंजिनसुद्धा गरम असताना पटकन सुरू होतं, खरी परीक्षा गार असताना. पाण्याची धार म्हणाल, तर नळाला स्वतःचाच दाब असतो. आतला इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं रबरी चाक, झिजला असला तरी नळाचं पाणी रेटून पुढे जातं आणि कारंजं उडतं. पिंपात उभी करून चालवली असती तर मोटरला पाणी स्वतः ओढावं लागलं असतं. तिथे कोपऱ्यात पिंप होतंही. मी विचारलं नाही. आणि धूर? सिलिंडरमध्ये आधीच दाट तेल ओतलं की थोडा वेळ कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बरं लागतं, दोरी ओढताना हाताला जोर जाणवतो आणि खडखड दबते. पेट्रोलमध्येही पन्नास भागांना एक भाग तेलाऐवजी भरपूर तेल कालवलेलं असणार.

रंग तर मी कौतुकाने पाहिला. खालच्या भागाला नवाकोरा रंग, आणि तो स्क्रूंच्या खाचांतही भरलेला. आता माझा सहावीतला मुलगाही म्हणतो, की स्क्रूवर रंग म्हणजे उघडायचं नाही, झाकायचं काम झालंय. तेव्हा मला ते "मेंटेन ठेवलेली" वाटली.

खरं सांगायचं तर मला काही विचारायची लाज वाटत होती. तो लोअर युनिट, पॉवरहेड असे शब्द टाकत होता आणि मी मान हलवत होतो. खाडीकाठचा माणूस, बापाची होडी, आणि याला मोटरमधलं कळत नाही असं त्याला वाटू नये, एवढीच माझी चिंता. त्याने जे दाखवलं ते मी पाहिलं. त्याने न दाखवलेलं एकही ठिकाण मी उघडायला लावलं नाही.

नंबरप्लेटच्या जागी दोन रिव्हेटांची भोकं होती. "खाऱ्या पाण्याने पडते," म्हणाला. बिलाऐवजी वहीच्या पानावर "एक नग मोटर, आहे त्या स्थितीत, तपासून घेतली" असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. त्याची नाही. पैसे ज्या खात्यावर पाठवायला सांगितले त्याचं नाव वेगळं होतं, "बायकोचं आहे." मी पाठवले.

घरी मोटर आली तेव्हा बाबा मांगराच्या दारात बसून जाळं शिवत होते. त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. आम्ही दोघांनी आणि शेजाऱ्याने ती होडीवर चढवली, क्लॅम्प आवळले. तेव्हा पहिल्यांदा खटकलं. आमच्या फळीच्या माथ्यापासून तळापर्यंत एकोणीस इंच आहेत. मोटरची पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली यायला हवी. ती चार बोटं वर होती. टेप लावली तर क्लॅम्पपासून पट्टीपर्यंत पंधरा इंच. म्हणजे शॉर्ट शाफ्ट. लाँग वीस इंचांची असते. हे मापायला दहा सेकंद लागतात आणि टेप माझ्या पिशवीत त्या दिवशीही होती, कारण जाताना बायकोने आठवणीने घातली होती.

फोन केला. "होडीत माणसं बसली की खाली दबते हो, चालवून तर बघा." दबेल तर होडी आणि मोटर बरोबरच ना, पट्टी आणि तळ यांच्यातलं अंतर कसं बदलेल, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. उलट बरं वाटलं.

खाडीत सपाट पाण्यावर ती चाललीसुद्धा. दोन दिवस मी खुशीत होतो. एक गोष्ट विचित्र वाटायची: १५ घोड्यांची मोटर जुन्या आठच्या मानाने फार काही पुढे रेटत नव्हती. नंतर कळलं की टू-स्ट्रोकच्या बऱ्याच मॉडेलांत ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच असतो, फरक कार्ब्युरेटरसारख्या बाहेरच्या भागांत. टोपी बदलली किंवा स्टिकर लावला की ९.९ ची १५ होते.

नवव्या दिवशी देवबागच्या मुखाशी गेलो. समोर भोगवे, मध्ये वाळूची दांडी, तिच्यावर लाटा फुटत होत्या. ओहोटी लागलेली, खाडीचं पाणी बाहेर ओढत होतं. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लाटेत खाली गेली की मागची बाजू वर उचलायची आणि पंखा हवेत. हवा गिळली की मोटर किंचाळायची, परत पाण्यात गेली की दबायची. चार-पाच वेळा असं झालं. मी मागे वळून पाहिलं तर पाण्याची धार बंद होती. थ्रॉटल कमी करेपर्यंत करकर आवाज झाला आणि मोटर जागच्या जागी थांबली. दोरी ओढली तर हलेना.

बाबा पुढे बसले होते. त्यांनी एकदा दांडीकडे पाहिलं. "मशीन ऱ्हवांदे. शीड वर काढ." दुपार झाली होती, खारा वारा भरला होता. शीड फुगलं, सुकाणू त्यांनी घेतलं आणि बाहेर ओढणाऱ्या पाण्याविरुद्ध इंचाइंचाने आम्ही आत आलो. पाऊण तास लागला असेल. काठाला लागल्यावर एवढंच म्हणाले, "तू मशीन बघलंस की तेचा त्वांड?"

वेंगुर्ल्याकडचे एक मिस्त्री आले. त्यांनी आधी खालचा ऑइलचा स्क्रू सैल केला. मी विकत घेतली तेव्हा ऑइल स्वच्छच असणार, कारण त्याच सकाळी भरलेलं. नऊ दिवसांत ते एसटी कँटीनच्या चहासारखं दुधाळ झालं होतं. सील गेलेलं, पाणी आत. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने गिअरच्या घरावरचा रंग खरवडला. खाली करडी एम-सील. सुपारीएवढं भोक बुजवलेलं. इम्पेलरच्या पाकळ्या वाकून कडक झालेल्या, दोन तर तुटलेल्या. मग अडकलेलं चक्र (फ्लायव्हील) धीराने सोडवलं, फिरवलं, कॉम्प्रेशनचा मीटर लावला: एका सिलिंडरला ११२, दुसऱ्याला ६४. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा.

फ्लायव्हील काढल्यावर मात्र तेच गप्प झाले. बोल्टच्या भोकांत बारीक राखाडी गाळ होता, ॲल्युमिनिअमवर पांढरी पूड, आणि बेअरिंगवर गंज. "ही बुडालेली आहे." मोटर खाऱ्या पाण्यात बुडाली तर तिला लगेच गोड्या पाण्याने धुऊन, तेल पाजून चालवावी लागते. तशीच ठेवली तर आतून गंज धरतो आणि मग फक्त वरून रंग देता येतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर अशा बऱ्याच मोटरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. ही त्यातली की आणखी कुठली, ते सांगायला नंबरच नव्हता. काही कंपन्या इंजिनाच्या ब्लॉकमधल्या धातूच्या गोल बुचावरही नंबर ठोकतात, तो क्लॅम्पच्या ब्रॅकेटवरच्या नंबराशी ताडून पाहता येतो. इथे ते बूचसुद्धा घासलेलं. चोरीची असेल या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. होडीच्या कागदांवर इंजिनाचा नंबर द्यावा लागतो, तिथे मी काय लिहिणार होतो?

विकणाऱ्या माणसाने दोनदा फोन उचलला. पहिल्यांदा म्हणाला तुम्ही ऑइल कमी टाकलं असेल. दुसऱ्यांदा म्हणाला, सही आहे तुमची, तपासून घेतली लिहिलंय. मग नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. हवालदार सज्जन होते. म्हणाले, चारशेवीस आता राहिलं नाही, भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालंय, पण कागद तुमच्या विरुद्धच बोलतो. १९३० वर फोन केला तो अकराव्या दिवशी. तो ऑनलाइन आर्थिक फसवणुकीचा नंबर, आणि तिथे जेवढ्या लवकर सांगाल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता. अकराव्या दिवशी खात्यात काय शिल्लक असणार! ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पण मी बिल मागितलं नव्हतं, त्यामुळे तो व्यापारी आहे हेच आधी मला दाखवावं लागतंय. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि "लाँग शाफ्टच आहे" हा त्याचा मेसेज, एवढंच माझ्याकडे आहे. ते मेसेज पुसू नका, कुणाशीही व्यवहार करताना.

जाता जाता मिस्त्रींनी मांगरातली जुनी मोटर पाहिली. "हिला काय झालं?" म्हटलं, संपली. त्यांनी प्लग बाहेर ठेवून दोरी ओढली, ठिणगी नाही. इग्निशन कॉइल बदलली, इम्पेलर नवा टाकला, कार्ब्युरेटर साफ केला. मजुरीसकट ४,८०० रुपये. गार असताना तिसऱ्या झटक्याला सुरू झाली, आणि बाबांनी जाळ्यावरून मानही वर केली नाही.

ती आता होडीवर आहे. दुसरी मांगरात. पंधरा इंची शाफ्टवाल्या कुणाला सुट्या भागांसाठी हवी असेल तर फुकट देईन. येताना टेप आणि पाना आणा, आणि मी चहा दिला तरी आधी मोटर बघा.